चौथा कोपरा

नेदर क्लूज, वेअरडेल
मंगळवार, ९ फेब्रुवारी १९३२

लाडक्या हेस्टर,

लग्न होऊन दहा दिवस झाले आणि तुझं एक पोस्टकार्ड आलं. चार ओळी, त्यातल्या तीन हवेच्या. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून मी तुला वाढवलं. तुझी आई, माझी बहीण, असती तर तिलाही तू हवाच कळवली असतीस, असं समजून गप्प बसते. शेजारची पेग जवळ बसली आहे. ती म्हणते, "नवी नवरी आहे, तिला हवा तरी दिसली हेच पुष्कळ."

एक काम आहे. रजई आठवडाभरासाठी परत पाठव. न्यूकॅसलची ती बाई, आपल्या खोऱ्यातल्या रजया शहरातल्या दुकानासाठी घेते ती, पुढच्या आठवड्यात यायची आहे. तिला नमुना हवा आहे आणि माझ्या घरात आत्ता एकही पुरी झालेली नाही. तुझी पांढरी दाखवते आणि लगेच परत पाठवते. बसवाला डिक्सन शनिवारी तुमच्या नाक्यावरून जातो, त्याच्या हाती दे. घडी घालताना किनार आत घाल.

तोवर ती पलंगावर टाकू नकोस. पेटीतच असू दे.

तुझा नेड खाणीत कुठल्या पाळीला जातो ते कळव. सहज विचारलं.

तुझी,
टॅमझिन मावशी


ईस्ट हॅलम
शनिवार, १३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हवा बरी आहे. झालं समाधान?

रजई पाठवता येणार नाही. पेटीचं म्हणशील तर फार उशीर झाला, ती पहिल्या दिवसापासून पलंगावर आहे. हे घर ओलसर आहे. सासूबाईंनी दुकानातली एक पिसांची, वर साटीन लावलेली दुलई दिली आहे. दिसायला राणीची आहे, पण पहाटे ती जमिनीवर असते आणि आम्ही कुडकुडत असतो. तुझी रजई अंगावरून हलत नाही.

शेजारची मार्था रटर दुसऱ्याच दिवशी साखर मागायला आली. साखर हे निमित्त. नव्या नवरीची रजई पाहायला बायका कशा येतात ते तुला मी काय सांगू. तिने किनारीवर टाक्यांनी काढलेल्या साखळीवर बोट ठेवलं आणि त्या वाटेने निघाली, कुठे तुटते का पाहायला. साखळी तुटली तर नवऱ्याचं आयुष्य तुटतं ना. तीन कोपरे झाले. चौथा भिंतीकडे आहे, पलंग सरकवल्याशिवाय तिथे हात जात नाही. "असू दे," ती म्हणाली, "तीन नीट वळले म्हणजे चौथाही वळलाच. टॅमझिनबाईंचं काम आहे ते." मग साखर न घेताच गेली.

तिचा नवरा आयझॅक आणि नेड जोडीने काम करतात, एकाच जागी कोळसा काढतात. पहाटे पाचला जातात, दोनला येतात. मार्था म्हणते, चाळीस माणसांच्या बुटांतून आपल्या माणसाचे बूट ऐकू येतात. मला अजून येत नाहीत. दार उघडेपर्यंत काही कळत नाही.

तुझ्या ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढल्या आहेत. कागदावर डिक्सनचं नाव पोस्टकार्डावर बसलं आहे आणि पेगचं त्याच्या मांडीवर. अंधारात लिहितेस का?

तुझी,
हेस्टर


नेदर क्लूज
बुधवार, १७ फेब्रुवारी

लाडक्या हेस्टर,

डिक्सनच्या मांडीचं पेगला वाचून दाखवलं. दिवसभर हसत होती. निबाचं टोक वाकलं आहे, म्हणून अक्षर तसं. तूही यापुढे काळ्या शाईने लिही आणि जरा मोठं लिही. तुमची निळी शाई फिकट येते.

न्यूकॅसलची बाई सोमवारी येऊन गेली. टाचायच्या लाकडी चौकटीला ताणून लावलेली अर्धी रजई पाहिली. विचारलं, "हिला किती तास लागतात?" मी म्हटलं, मोजले नाहीत. ती म्हणाली, "तास कळल्याशिवाय मोल कसं ठरवायचं?" मी डावा हात पुढे केला. चौकटीखाली ज्या बोटाला सुईचं टोक दर टाक्याला लागतं ते तिला दाखवलं. त्यावर आता शेंगदाण्याएवढा घट्टा आहे. तिने बोट हातात घेतलं, पाहिलं, आणि पुन्हा तासच विचारले.

मग एका ठिकाणी माझा टाका जरा वाकडा गेलेला तिला दिसला. मला वाटलं, आता काम गेलं. तर ती खूश. "अशी एखादी चूक असलेलीच बरी. हाताचं काम आहे हे गिऱ्हाइकाला त्यानेच पटतं." मी तिच्या कपात चहा ओतला. चूक विकत घेणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. तिला जन्मभर रजईच्या किनारीकडे पाहत निजायचं नसेल.

आता खरं कारण लिहिते. नमुन्याचं खोटं होतं. यंदाच्या कापसात सरकी राहून गेली आहे. पांढऱ्या कापडातून तिचं तेल बाहेर येतं आणि पिवळे डाग पडतात. रजई उसवून कापूस बदलायला हवा. शनिवारी डिक्सनच्या हाती दे. एवढं ऐक, पोरी.

आणि पाठवेपर्यंत साटिनची घ्या. थोडं कुडकुडा, पण ती नको.

तुझी,
मावशी


ईस्ट हॅलम
सोमवार, २२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुला खोटं बोलता येत नाही. कधीच आलं नाही. तू कापूस तीनदा वेचतेस, मग पेगला वेचायला लावतेस, आणि मी लहान होते तेव्हा मलाही. तुझ्या रजईत सरकी राहील तेव्हा आपलं चॅपल उठून नदीवर पाणी प्यायला जाईल.

रजई इथेच राहील. नेड म्हणतो, "मावशींना सांग, जावई परत मागा, रजई नाही मिळायची." तो आंघोळीच्या टबात बसून हे बोलत होता, पाठ काळी आणि दात पांढरे. मी हसले. त्याची पाठ घासताना प्रत्येक ओरखडा मोजते, हे त्याला माहीत नाही.

गेले तीन दिवस छत बोलतं आहे, असं तो म्हणाला. खाली दगड दबायला लागला की लाकडाचे टेकू करकरतात, त्याला ही माणसं छत बोलणं म्हणतात. मी मार्थाकडे धावत गेले. ती पाव भाजत होती. "बोलतंय ना, मग बरं," ती म्हणाली. "बोलणाऱ्या छताला ही माणसं ऐकतात आणि मागे सरतात. गप्प छत वाईट." तेव्हापासून रोज दुपारी मी त्याला पहिलं हेच विचारते, की आज बोललं का.

पत्र काळ्या शाईने आणि मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. तू का मागितलंस ते विचारत नाही.

तुझी,
हेस्टर


नेदर क्लूज
शुक्रवार, ४ मार्च

हेस्टर,

डिक्सनने दुकानात सांगितलं, ईस्ट हॅलमला काल छत खाली आलं. दोन माणसं का तीन, त्याला माहीत नाही. नावं माहीत नाहीत. बर्फाने वरची वाट बंद झाली म्हणून तो इथूनच मागे फिरतो आहे. पोस्टमन पायी स्टेशनला जायचा आहे, त्याला दाराशी थांबवून हे लिहिते. तार करायला पेग खाली गावात गेली होती, पण ताराच तुटल्या आहेत.

मी आधी बोलायला हवं होतं. रजईची साखळी तुटलेली आहे. चौथ्या कोपऱ्यात, भिंतीकडच्या. तिथे दोन पेड एकमेकांवरून वळून पुढे जायला हवेत. ते जात नाहीत, समोरासमोर येऊन थांबतात. मध्ये बोटभर कापड कोरं आहे.

तीन कोपरे नोव्हेंबरात झाले. डिसेंबरात मला कापडावर आखलेल्या निळ्या पेन्सिलीच्या रेघा दिसेनात. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग खिडकीत धरूनही. मी बोटाने चाचपून टाके घातले. पण खालचं बोट दगड झालं आहे, त्याला सुई कळते, रेघ कळत नाही. उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा उसवलं. पेग म्हणाली, "टॅमझिन, तू आता टाचत नाहीस, चाचपतेस." मी तिला घरी पाठवलं. लग्नाची तारीख आली. बिनरजईची नवरी पाठवायची नव्हती. मी माझी लाज राखली आणि तुझ्या अंगावर ती टाकली.

माझ्या लग्नाची रजई तू पाहिली आहेस, पेटीच्या तळाशी असते ती. तिचा कोपरा असाच चुकला होता. आई म्हणाली, कोण बघतंय. अकराव्या महिन्यात जोसेफ दगडाच्या खाणीतून घरी आला तो फळीवर. तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या मुलींच्या एकशे बारा साखळ्या जोडल्या. एकही तुटू दिली नाही. तुझी तुटली.

तो जिवंत असेल तर रजई आजच्या आज पलंगावरून काढ. अंगणात टाक, जाळ, काही कर. तो नसेल तर मला लिहू नकोस, मी वाट उघडली की येते. नाही, लिही. एक ओळ लिही. मोठ्या अक्षरात.

पोस्टमन पाय आपटतो आहे.

मावशी


ईस्ट हॅलम
सोमवार, ७ मार्च

प्रिय मावशी,

नेड जिवंत आहे.

एवढं वाचून खाली बस, पाणी पी, मग पुढचं वाच. किंवा पेगला वाचायला दे. मला आता चालेल.

तो टेकूसाठी लाकडं आणायला मागे गेला होता. वीस पावलं. त्याची दोन बोटं ठेचली आहेत आणि एका कानाला ऐकू येत नाही. आयझॅक गेला. मार्थाचा आयझॅक. छत त्या दिवशी एक शब्द बोललं नाही.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. तू लिहिलंस ते मला पहिल्या सकाळपासून माहीत होतं. नेड कामावर गेला, मी रजई नीट करायला गेले आणि माझंही बोट साखळीवरून निघालं. तुझ्या घरात वाढले आहे, हात दुसरीकडे जाणार कुठे? चौथ्या कोपऱ्याशी आले आणि तिथेच बसले. मग उठून पलंग भिंतीला लावला. मार्था नंतर आली.

रजई निमूट परत पाठवली असती तर मी कोपरा पाहिला हे तुला कळलं असतं. मी पाहिलं नाही असं का दाखवलं, तेही कळलं असतं. बारा वर्षांत तुझा टाका चुकलेला मी पाहिला नव्हता. चुकला म्हणजे तुला दिसत नाही, हे मला त्या सकाळी तिथेच बसल्या बसल्या कळलं. तुझ्या चढलेल्या ओळी नंतर आल्या.

गेल्या मंगळवारी मी कोपरा उसवायला घेतला. तूच शिकवल्याप्रमाणे बशी ठेवून वळण आखलं. पण टाके निघाल्यावर खाली भोकं दिसली. एक ओळ, तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी, मग चौथी. चार वेळा उसवलंस तू, मावशी. आणि एका ठिकाणी तपकिरी ठिपका होता, रक्ताचा. तू थुंकी लावून काढायचा प्रयत्न केलेला, तरी राहिलेला. न्यूकॅसलच्या बाईला तास हवे होते ना. ते तिथे लिहिलेले होते. मी बराच वेळ सुई हातात घेऊन बसले. मग साखळी जोडली. माझे टाके इंचाला सहा येतात, तुझे अकरा. कोणीही ओळखेल. पण पेड वळले, पुढे गेले.

बुधवारी मी पहिल्यांदा दाराशी उभी राहिले नाही. दोन वाजता चूल पेटवत होते, आणि आपण गाणं गुणगुणतो आहोत हे माझ्या लक्षात आलं. गुरुवारी सव्वादहाला भोंगा झाला.

सगळ्या बायका खाणीच्या फाटकाशी होत्या. कोणी रडत नव्हतं. मार्थाने माझा हात धरला होता, आणि मी मनात काय म्हणत होते ते तुला लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. मी म्हणत होते, माझी साखळी जोडलेली आहे, माझी जोडलेली आहे. म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी तुटलेली असू दे.

आयझॅकला घरी आणलं तेव्हा मार्था म्हणाली, "वरच्या पेटीतली रजई काढ." तिच्या आजीने केलेली, लग्नातली. बाळंतपणाला, डॉक्टर आला की आणि असल्या वेळी काढायची. मी आणि तिच्या नणंदेने ती पसरली, आयझॅकला तिच्यावर ठेवलं. आणि माझं बोट किनारीवर गेलं. मला थांबवता आलं नाही. आयझॅक तिथे निजला होता आणि मी कोपरे मोजत होते.

चारही अखंड. एक पेड चुकलेला नाही. तुझ्या हातचं वाटावं असं काम.

मान वर केली तर मार्था माझ्याकडे पाहत होती. मला जमिनीत जावंसं वाटलं. ती म्हणाली, "मीही पाहायचे गं. दर वसंतात वाऱ्यावर टाकताना पाहायचे."

रजई जाळली नाही. नेड तिच्याखाली झोपला आहे.

पाकिटात फ्लॅनेलच्या तुकड्यात तीस सुया आहेत. ओवून, गाठ मारून दिल्या आहेत. जपून उघड.

तुझी,
हेस्टर


नेदर क्लूज
शनिवार, १२ मार्च

लाडक्या हेस्टर,

पेगने वाचलं. "नेड जिवंत आहे" एवढं वाचून ती थांबली आणि मला खरंच पाणी दिलं. मग पुढचं वाचायला तिलाच दोन दिवस लागले. दर ओळीला चष्मा पुसत होती आणि चष्मा वाईट आहे म्हणत होती.

मार्थासाठी कापूस आणि थोडं राखाडी कापड डिक्सनच्या हाती पाठवते. तिला हाताला काम लागेल. आत्ता नाही, पण लागेल.

मार्थाच्या अखंड साखळीचं तू मला धीर यावा म्हणून लिहिलंस, ते कळलं. पण पोरी, खरं सांगू का. मला आता जास्त भीती वाटते. साखळी तुटलेली होती तोवर भीती एका कोपऱ्यात होती. बोट ठेवून दाखवता येत होती, रजई परत आली असती तर दुरुस्त करता आली असती. चाळीस वर्षं मी जोसेफला त्या एका कोपऱ्यात ठेवला होता आणि आईवर राग धरला होता. आता त्या कोपऱ्यात कोणी नाही. आईही नाही. सगळं नुसतं छतासारखं डोक्यावर आहे.

पेग मला डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांवर पडदा आहे. उजवा गेलाच, डावा थोडा आहे. तो म्हणाला, "बारीक काम बंद करा." पेग त्याला म्हणाली, "हिचं काम आता जाडंभरडंच असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

न्यूकॅसलच्या बाईला मी खरं सांगितलं. म्हटलं, ही एक पुरी करीन, तिला साखळी नसेल. नुसत्या सरळ रेघा, चाचपून येतात तेवढ्या. वाकडी गेली तरी तुम्हाला आवडतेच. तिने वही काढली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तेवढे तास मी लिहीन." मी म्हटलं, लिहू नका. तासांचं नाव काढलं की मला सुया मोजाव्याशा वाटतात.

तुझ्या तीस सुयांपैकी एकवीस झाल्या. धागा बरोबर लांबीचा कापला आहेस, कोपरापासून बोटांपर्यंत. लहानपणी चौकटीखाली बसून ओवायचीस आणि रडायचीस, मला हे काम नको, मला गावाला जायचं आहे. विसरली नाहीस.

नेड परत खाली जायचा आहे का? कधी?

एवढ्या सुया ओवायला तुझा वेळ जात असेल. आणखी पाठवू नकोस. नऊ आहेत.

मावशी


ईस्ट हॅलम
सोमवार, १४ मार्च

प्रिय मावशी,

आज पहाटे गेला. बोटं बांधलेली आहेत, कान अजून बंद आहे. मी म्हटलं, एका कानाने छत कसं ऐकशील? तो म्हणाला, "नव्या जोडीदाराला दोन आहेत." मग दाराशी परत आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. असं तो करत नाही. करायला नको होतं.

मार्था सकाळीच येऊन बसली आहे. ज्याचे बूट ऐकायचे तो आता नाही, तरी दोनच्या सुमाराला तिची मान दाराकडे वळते. ती म्हणते, नेडचे बूट डावीकडे जरा घासतात, ते ओळख. मी आज ऐकणार आहे.

पत्राबरोबर चाळीस सुया आहेत. काही मार्थाने ओवल्या आहेत, तिच्या गाठी मोठ्या असतात, हाताला कळतील. वेळ जात असेल म्हणालीस. तो जावा म्हणूनच ओवते. पाचला नेडचं दार लागलं, मी खिडकीशी रीळ घेऊन बसले आणि दोन वाजेपर्यंत उठणार नाही.

तो खाली जातो आहे तोवर तुला सुया कमी पडणार नाहीत.

तुझी,
हेस्टर